बारा उकली आणि एक खडू

माझा पहिला पेपर छापून आला, त्या दिवशी आईनं इंदूरच्या रामबागेत आमच्या गल्लीत पेढे वाटले. समोरच्या काकूंनी विचारलं, "कशावर लिहिलंस ग?" मी ऐटीत सांगितलं, "एका समीकरणाच्या बारा नव्या उकली काढल्यात." "बारा? अग बाई!" काकूंना कौतुक वाटलं. मलाही वाटत होतं. त्या बारांत खरी उकल एकच होती आणि तीही जुनी, हे कळायला मला चार वर्षं लागली.

हल्ली सुट्टीत पोरं घरी येतात. "ताई, अप्लाइड मॅथ्समध्ये पीएचडी करायचीय, नॉनलिनिअर डायनॅमिक्स घ्यायचंय, पुढं नोकरी मिळते का?" मिळते. मलाही मिळाली, उशिरा आणि वाकड्या वाटेनं. ती वाट तुम्ही धरू नये म्हणून लिहितेय. फेज प्लेन, बायफर्केशन, लियापुनोव्ह एक्स्पोनंट हे एमएस्सीत झालंय असं धरून चालते.

परीक्षांचं आधी उरकते. भंवरकुआँला क्लासेसचा बाजार आहे, जायचं तर जा. सीएसआयआर-नेटच्या पार्ट बीला त्याचा उपयोग होतो. पार्ट सी मात्र ज्यानं त्यानं स्वतःच भोगायचा असतो. साठांतले वीस प्रश्न सोडवायचे, प्रत्येकी ४.७५ गुण, बरोबर पर्याय एकाहून जास्त असू शकतात आणि सगळे बरोबर टिपले तरच गुण. चुकलं तर कापत मात्र नाहीत. तरी पार्ट सीतले प्रश्न कोरे सोडून येणारी मुलं मी पाहिली आहेत, त्यांच्यापुढं हात जोडते. नेटच्या जोडीला गेट आणि एनबीएचएमचीही, म्हणजे राष्ट्रीय उच्च गणित मंडळाची, परीक्षा द्या. जेआरएफचे, म्हणजे संशोधनाच्या फेलोशिपचे, आता महिना ३७,००० मिळतात, सीनियर झालात की ४२,०००. पण पैशांपेक्षा मोठा फायदा वेगळाच आहे. फेलोशिप स्वतःची असली की गाईड तुम्ही निवडता. नसली की जो पदरात घेईल त्याचे उपकार मानत बसावं लागतं. मला जेआरएफ मिळाली नव्हती, फक्त लेक्चररशिप, म्हणजे शिकवण्याची पात्रता. पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

आता त्या खड्ड्याकडे येते. जरा लांबण लागेल, पण हे कुणीच नीट सांगत नाही.

उथळ पाण्यातल्या लाटांचं केडीव्ही समीकरण तुम्हाला माहीत आहे. १८३४ मध्ये स्कॉट रसेल कालव्याकाठानं घोड्यावरून एका लाटेच्या मागं धावला, १८९५ मध्ये कोर्टेवेग आणि डी व्रीस यांनी समीकरण लिहिलं, १९६५ मध्ये झाबुस्की आणि क्रुस्कल यांनी अशा लाटेला सॉलिटॉन म्हटलं. सुंदर गणित आहे. त्या सौंदर्याच्या मागल्या दारी एक कारखाना चालतो, आणि मी त्यात कामाला लागले.

कारखान्याची रीत सोपी. एखादं समीकरण घ्यायचं, प्रवासी लाट धरून त्याचं साधं अवकल समीकरण करायचं. मग उकल ही टॅन्हची (हायपरबोलिक टँजंटची) बहुपदी आहे असं मानून आत घालायची, सहगुणक शून्याशी जुळवायचे आणि संगणकावर बीजगणित करणाऱ्या मेपलला कामाला लावायचं. २००८ पासून यातच 'जी-प्राइम भागिले जी' नावाची रीत फार चालली. त्यात दुसऱ्या क्रमाचं एक रेषीय समीकरण घेतात आणि त्याच्या विवेचकाचे तीन प्रकार पाडतात. धन असला तर हायपरबोलिक उकली, ऋण असला तर त्रिकोणमितीय, शून्य असला तर परिमेय. प्रत्येक प्रकारात दोन स्थिरांक. एक शून्य केला की एक उकल, दुसरा शून्य केला की दुसरी, दोन्ही ठेवले की तिसरी. वर अधिक-उणे आहेच. बघता बघता डझन भरतं.

आता त्यातली मेख बघा. त्या दोन स्थिरांकांपैकी शेवटी फक्त त्यांचं गुणोत्तर उरतं, कारण जी-प्राइमला जीनं भागलंय. आणि ते गुणोत्तर एवढंच सांगतं, की लाट डावीकडे सरकवून ठेवलीय की उजवीकडे. एक स्थिरांक शून्य केल्यावर जो कॉथ (एक भागिले टॅन्ह) येतो, तोही टॅन्हच असतो, फक्त त्याच्या कोनात पाय भागिले दोन एवढी काल्पनिक संख्या मिळवलेली असते. वर तो एका बिंदूला अनंतात जातो, म्हणजे पाण्याच्या लाटेच्या कामाचा नाही. उरलं काय? गणपती तोच, मखर दरवर्षी नवं.

हे मला २०१८ मध्ये कळलं, फळ्यासमोर. पोस्टडॉकसाठी एका संस्थेत मुलाखत होती, इंदूरच्या बाहेर. मी अकरा पेपरांची यादी घेऊन गेले होते. समितीत पांढऱ्या शर्टातले एक वयस्क प्राध्यापक होते, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग माझा पहिला पेपर उघडून म्हणाले, "चौथी और सातवीं, दोनों बोर्ड पर लिखिए।" खडू त्यांनीच हातात दिला. मी लिहिलं. काळ शून्य धरला की चौथी उकल म्हणजे दोन गुणिले सेच एक्सचा वर्ग. सातवी उकल अपूर्णांकात: वर आठ गुणिले ई-चा दोन एक्स घात, खाली एक अधिक ई-चा दोन एक्स घात या सगळ्याचा वर्ग.

"ज़ीरो रखिए।" चौथीत दोन आले. सातवीत आठ भागिले चार, तेही दोन. मला वाटलं, योगायोग. "अब एक रखिए।" खिशातून मोबाइल काढून त्यांनी कॅल्क्युलेटर उघडून दिला. चौथीत ०.८४. सातवीत वर ५९.११, खाली ७०.३८. ०.८४. खोलीत पंख्याचाच काय तो आवाज. ते रागावले नाहीत, हसलेही नाहीत. "तो इसमें नया क्या है, बताइए," म्हणाले. माझ्या बोटांना खडू लागला होता, तो मी ओढणीला पुसत राहिले. आजही ती ओढणी कपाटात आहे आणि मी ती वापरायला काढत नाही.

घरी येऊन अकराही पेपर काढले. सगळ्या उकलींत शून्य, एक आणि दीड घालून कोष्टक केलं. दोन रात्री लागल्या. शंभरच्या वर उकलींचं मापच नऊ-दहावर आलं. शेवटचे तीन पेपर 'फ्रॅक्शनल' होते, म्हणजे तेव्हाची फॅशन. त्यात आम्ही कन्फॉर्मेबल नावाचा अवकलज वापरला होता. तो नेहमीच्या अवकलजाला काळाच्या एका घातानं गुणलेला असतो. काळाच्या जागी नवा चल घेतला की जुनं समीकरण जसंच्या तसं परत येतं. म्हणजे तीन पेपरांत मी घड्याळाचे आकडे बदलून तीच वेळ सांगत होते.

निकोलाय कुद्र्याशोव नावाच्या रशियन गणितज्ञानं २००९ मध्येच एक लेख छापून अशा उकली काढताना होणाऱ्या सात चुका एकेक करून मांडल्या होत्या. मी पीएचडीला नाव घातलं त्याच्या चार वर्षं आधी. गाईडनं तो दाखवला नाही, मीही शोधला नाही. दोष अर्धा-अर्धा धरा. माझा अर्धा जरा मोठाच.

गाईडबद्दल राग आहे का? आहे. पण आता त्यांचंही गणित समजतं. २०१० नंतर प्राध्यापकांच्या बढतीसाठी एपीआयचे, म्हणजे कामगिरीचे, गुण मोजायला लागले, पेपर म्हणजे गुण. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, दिवाळीला घरी बोलवायचे, सरांच्या बायको हातावर चकल्या ठेवायच्या. "पेपर आला पाहिजे बेटा, बाकी नंतर बघू," हे त्यांचं वाक्य. ते नंतर कधी आलंच नाही. म्हणून सांगते, गाईड निवडताना त्यांच्या पेपरांची संख्या विचारू नका. त्यांच्याकडून पीएचडी झालेल्या दोघातिघांना फोन करा आणि विचारा, आता काय करता. फोन उचलायला जो कचरतो, त्याचंही उत्तर मिळालंच समजा. आणि जे सर पहिल्याच भेटीत "सहा महिन्यांत पेपर देतो" म्हणतात, त्यांच्याकडून चहा प्यावा आणि निघावं.

एवढं वाचून घाबरलात तर तसं नका करू. अचूक उकली शोधणं हे पाप नाही. एकदा उकल सापडली की ती स्थिर आहे का, थोडा धक्का दिला तर मोडते का, कुठल्या सुरुवातीच्या अवस्थेतून लाट तिच्याकडे येते, हे प्रश्न हातात घ्या. तिथं खरं काम आहे आणि ते एकाच उकलीवर दोन वर्षं पुरतं. संगणकावर स्वतः इंटिग्रेट करा, पायथन असो की ज्युलिया. पायरी अर्धी करून पुन्हा चालवा. उत्तर बदललं तर तुमचा केऑस समीकरणाचा नाही, तुमच्या आळसाचा आहे. बायफर्केशनचा, म्हणजे एखादा आकडा बदलताना प्रणालीची वागणूक कुठं पालटते त्याचा, माग काढायला ऑटो आणि एक्सपीपी-ऑट हे प्रोग्राम फुकट मिळतात, शिकायला एक महिना पुरतो. एमएस्सीच्या पोरांनी उन्हाळ्यात एमटीटीएस या गणिताच्या प्रशिक्षण शिबिराला जावं, १९९३ पासून चालू आहे. 'का?' विचारून पिच्छा पुरवणारे मास्तर मला वेळेवर भेटले असते तर तो खडू वाचला असता.

हातानंही काही करून बघा. मी महाराणी रोडवरून एक टीएल०८२ चिप, सहा रेझिस्टर, दोन कपॅसिटर, एक कॉइल आणि एक पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) आणून चुआचं सर्किट जोडलं, केऑस डोळ्यांना दाखवणारं. कॉइल १८ मिलीहेन्रीची, ती मिळायलाच तीन दुकानं फिरावी लागली. दुकानदार म्हणाला, "भिया, रेडियो बना रहे हो क्या?" मला भिया, म्हणजे भाऊ. असो. ओळखीच्या कॉलेजातल्या ऑसिलोस्कोपला लावून पॉट हळू फिरवला. एक वेटोळं, मग दोन, मग चार, आणि मग डबल स्क्रोल, दोन फुलपाखरी पाकळ्या थरथरत. पेपरातल्या बारा उकलींनी जे दिलं नव्हतं ते त्या अर्ध्या तासानं दिलं.

कुठं जावं? डोळ्यांसमोर आहे ते आधी बघा. आपल्या शहरातच राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे. तिथला इंडस-२ हा २.५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन वेगानं गोल फिरवणारं यंत्र. इलेक्ट्रॉन फेऱ्या मारत राहावेत म्हणून त्यात सेक्स्टुपोल (सहा ध्रुवांचे) चुंबक लावतात, आणि ते चुंबकच नॉनलिनिअरिटी आणतात. मिशेल एनों यांनी १९६९ मध्ये अभ्यासलेला वर्गी मॅप (एका बिंदूवरून पुढचा बिंदू देणारं सूत्र) आणि तिथल्या इलेक्ट्रॉनची गत यांत सख्खं नातं आहे. किती लांबचा इलेक्ट्रॉन टिकतो आणि कुठून पुढं तो भिंतीवर आदळतो, हा प्रश्न पगार देतो. रामबागेतून बसनं जाता येतं, आणि मला ते वयाच्या तिशीत कळलं. सिमरोलला आयआयटी आहे. दक्षिणेत तिरुचिरापल्लीला भारतीदासन विद्यापीठात नॉनलिनिअर डायनॅमिक्सचा विभाग आहे. मुरली-लक्ष्मणन-चुआ सर्किट १९९४ मध्ये तिथल्याच मुरली आणि लक्ष्मणन यांनी चुआंसोबत मांडलं. बेंगळुरूच्या आयसीटीएस या संशोधन संस्थेच्या छोट्या अभ्यासवर्गांना अर्ज करा. बाहेर जायचं तर ड्रेस्डेनची माक्स प्लांक संस्था जटिल प्रणालींवर काम करणाऱ्यांना पाहुणे म्हणून घेते. तिथं संख्येपेक्षा एक चांगला पेपर बघतात, असं तिथं राहून आलेली मैत्रीण सांगते, आणि तिचं मला पटतं.

शिकवायचंच असेल तर एमपीपीएससीची, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाची, असिस्टंट प्रोफेसरची जाहिरात येईल तेव्हा येईल. तोवर अतिथी विद्वान, म्हणजे तात्पुरता शिक्षक. मी तीन वर्षं एका सरकारी कॉलेजात होते. पैसे दिवसाच्या हिशेबानं, म्हणजे सुट्ट्यांत आपली एकादशी. शिकवण्यात आनंद होता, खोटं बोलणार नाही. पण मे महिन्यात भावाकडे पैसे मागताना जी मान खाली जाते, ती पहिली दोन वर्षं सोसेल. तिसऱ्या वर्षी दुसरी दारं वाजवा.

माझं दार पीथमपूरला उघडलं. ब्रेकचे भाग बनवणारी एक कंपनी, त्यांना कंपनांचं मॉडेलिंग येणारं माणूस हवं होतं. ब्रेक किंचाळतो, ते घर्षणातून आपोआप उठणारं आंदोलन असतं, आपल्या भाषेत हॉफ बायफर्केशन आणि मग लिमिट सायकल, म्हणजे स्वतःच टिकून राहणारं आंदोलन. मुलाखतीत पेपर किती हे कुणी विचारलं नाही, ब्रेक का किंचाळतो हे विचारलं. मी चुआच्या पॉटची गोष्ट सांगितली. त्यांना ती आवडली की त्यांच्याकडे दुसरं कुणी आलंच नव्हतं, कोण जाणे.

पहिल्या आठवड्यात सॉफ्टवेअरनं मला अकरा अस्थिर मोड, म्हणजे वाढू शकणाऱ्या कंपनांच्या तऱ्हा, काढून दिले. सॉफ्टवेअरची ती पद्धत रेषीय असते. कुठं बिघडू शकतं एवढं सांगते, किती जोरात किंवा खरंच वाजेल का, हे नाही. मी यादी घेऊन टेस्ट रूममध्ये गेले. तिथले मिस्त्री वीस वर्षं ब्रेक ऐकत आलेले. त्यांनी यादीवर नजर फिरवली आणि म्हणाले, "मॅडम, इतने नहीं बजते।" मी म्हटलं, "चलाकर देखते हैं।" त्यांनी डिस्क फिरवली, दाब वाढवला. दोन बारी किंचाळला, एकदा सव्वादोन किलोहर्ट्झच्या आसपास, एकदा सहाच्या वर. मी यादीतल्या नऊ ओळींवर पेन्सिलीनं रेघ मारली आणि दोन्ही कानांत बोटं घालून तिसऱ्यांदा चालवायला सांगितलं.