राष्ट्रीय लीगच्या टेबलवर एक हंगाम : नागपुरातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

बास्केटबॉलची राष्ट्रीय लीग म्हटलं की आपल्याकडची पोरं आधी संघांची यादी पाहतात आणि हिरमुसतात. 2015 ते 2017 या काळात यूबीए (युनायटेड बास्केटबॉल अलायन्स) लीग चालली, तिच्यात महाराष्ट्रातून पुणे आणि मुंबईचे संघ होते. 2022 मध्ये भारतीय बास्केटबॉल फेडरेशनची आयएनबीएल (इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग) सुरू झाली, तिच्या पहिल्या हंगामात मुंबई, दिल्ली, चेन्नई, बंगळुरू, कोची आणि चंडीगड ही शहरं होती. नागपूर दोन्हींत नव्हतं. एका संघात बारा जण, त्यात उंची, त्यात रेल्वे आणि सर्व्हिसेसचे (सैन्यदलांचे) तयार खेळाडू. धरमपेठच्या किंवा शिवाजीनगरच्या कोर्टवर खेळणाऱ्या मुलीला वाटतं, आपला काय संबंध?

संबंध आहे. लीगच्या प्रत्येक सामन्याला रेफ्रींशिवाय टेबलच्या कामावर देखरेख करणारा एक कमिशनर लागतो आणि कोर्टच्या कडेच्या टेबलवर चार माणसं: स्कोअरर, असिस्टंट स्कोअरर, टायमर आणि शॉट क्लॉक ऑपरेटर. त्यांच्या शेजारी आकडेवारी घेणाऱ्यांची वेगळी जोडी. ही माणसं नसतील तर सामना सुरूच होत नाही. मी युनिव्हर्सिटीसाठी खेळले, खेळ संपल्यावर टेबलकडे वळले आणि एक अख्खा हंगाम लीगच्या टेबलवर काढला. ज्यांना या वाटेने यायचंय त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

शॉट क्लॉकच्या खुर्चीपासून सुरुवात करते, कारण ती सगळ्यांना सोपी वाटते. चेंडू ताब्यात आला की 24 सेकंद, तेवढ्यात शॉट सुटला पाहिजे आणि रिंगला लागला पाहिजे. नियम एका ओळीचा वाटतो. पण शॉट हातातून सुटताच नवख्याचं बोट आपोआप रीसेटच्या बटणाकडे जातं. चेंडू हवेत असताना घड्याळ चालूच राहिलं पाहिजे. रिंगला लागला, की आकडे घालवायचे आणि चेंडू कुणाच्या हातात जातो ते पाहायचं. बचाव करणाऱ्यांनी घेतला तर 24, शॉट मारणाऱ्या संघालाच परत मिळाला तर 14. नुसता रिंगमागच्या बोर्डला लागून खाली आला आणि त्याच संघाने उचलला, तर उरलेले सेकंद तसेच पळत राहतात. बचावपटूच्या हाताला लागून चेंडू बाहेर गेला तर घड्याळ फक्त थांबतं. त्याने मुद्दाम पाय घातला आणि थ्रो-इन (रेषेबाहेरून चेंडू आत टाकणं) हल्ला करणाऱ्या संघाच्या पुढच्या कोर्टात असेल, तर 14 किंवा जास्त उरलेले तसेच ठेवायचे, 13 किंवा कमी उरले असतील तर 14 करायचे. हे सगळं अर्ध्या सेकंदात, गर्दीच्या आवाजात. म्हणून त्या खुर्चीवरच्या माणसाने सामना पाहायचा नसतो. चेंडू आणि रिंग, बस्स. कुणी कितीही सुंदर पास दिला तरी तो तुमच्यासाठी नाही.

सराव कसा करायचा? कोणत्याही सामन्याचं रेकॉर्डिंग लावा, पडद्यावरचं शॉट क्लॉक कागदाने झाका आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर स्वतः चालवा. थोड्या वेळाने कागद काढून ताडून पाहा. आमच्याकडे मैदानावर हा सराव करून घेणारे एक सर होते. मुलगी जरा रमली की मागून म्हणायचे, "अगं, खेळ काय पाहून राहिली, रिंग पाह्य!" लीगमध्ये मला तेवढं एक वाक्य पुरलं.

स्कोअरशीट मात्र हातानेच भरायला शिका, भले पुढे तुमच्यासमोर लॅपटॉप येणार असेल. पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल शाईने, दुसरा आणि चौथा निळ्या किंवा काळ्या. दोन गुणांच्या बास्केटला संघाच्या चालू गुणसंख्येच्या आकड्यावर तिरकी रेघ, फ्री थ्रोला भरलेला ठिपका, तीन गुणांचा असेल तर शेजारच्या खेळाडूच्या नंबराभोवती गोल. पाहिलं तर चित्रकला, पण शीट बरोबर भरलेली असेल तर सामना संपल्यावर कुणीही ती वाचून सांगू शकतो की तिसऱ्या क्वार्टरला कोण कसं खेळलं. आणि स्कोअरबोर्ड व शीट यांत फरक पडला, तो सुटतच नसेल, तर शीट खरी धरतात. म्हणून स्कोअरर आणि असिस्टंट एकमेकांशी सतत बोलत असतात. एकाने मोठ्याने म्हणायचं, "सात नंबर, दोन, बावीस-एकोणीस." दुसऱ्याने बोर्ड पाहून तेच परत म्हणायचं. लीगमध्ये टेबलवर तमिळ, मल्याळी, पंजाबी सहकारी असतात, तेव्हा आकडे कुठल्या भाषेत उच्चारायचे हे पहिल्याच सामन्याआधी ठरवून घ्या. आम्ही इंग्रजी ठरवली होती.

रेफ्रीच्या हाताच्या खुणा पाठ पाहिजेत. फाउल दाखवायला तो टेबलसमोर येतो आणि नंबर बोटांनी दाखवतो. 11 ते 15 साठी एक मूठ बंद आणि दुसऱ्या हाताची बोटं. त्यापुढच्या नंबरांना आधी हाताची मागची बाजू दाखवून दशकाचा आकडा, मग तळहात दाखवून एककाचा. 23 आणि 32 यांत गल्लत झाली की चुकीच्या खेळाडूवर फाउल चढतो आणि पाचव्या फाउलला चुकीचाच माणूस बाहेर बसतो. गावातल्या सामन्यात रेफ्री तोंडाने ओरडूनही सांगतो. लीगमध्ये ती सवय उपयोगाची नाही, गोंगाटात काहीच ऐकू येत नाही.

स्कोअरशीटवरच्या टाइम-आउटच्या चौकटींकडे नवखे दुर्लक्ष करतात. प्रत्येक संघाला पहिल्या हाफमध्ये दोन, दुसऱ्यात तीन, पण चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत जास्तीत जास्त दोनच. म्हणजे घड्याळ 2:00 वर आलं आणि एखाद्या कोचने दुसऱ्या हाफमधला एकही टाइम-आउट घेतला नसेल, तर त्याचा एक गेला. स्कोअररने लगेच दुसऱ्या हाफच्या पहिल्या चौकटीत दोन आडव्या रेघा मारायच्या. कोच तणतणला तर कागदावरच्या त्या दोन रेघा तुमच्या बाजूने बोलतात. त्याच दोन मिनिटांत आणखी एक गोष्ट बदलते, बास्केट झाल्यावर घड्याळ थांबतं. टायमरने 2:00 दिसायच्या आधीच शेजाऱ्यांना मोठ्याने आठवण करून द्यावी.

कोच टेबलवर येऊन बोलतात, कधी चढ्या आवाजात. घड्याळ पुढे पळालं, तिसरा फाउल नव्हताच, असं काहीही. वाद घालू नका, उत्तरही लांबवू नका. कमिशनर शेजारीच बसलेला असतो आणि ते त्याचं काम आहे. मी हा नियम मनापासून मानते, कारण टेबल भांडायला लागलं की दोन्ही संघांचा त्याच्यावरचा विश्वास उडतो.

हंगामाचा खरा कस लागतो तो कंटाळ्यात. लीगची फेरी एका शहरात असते आणि दिवसात एकापेक्षा जास्त सामने एकाच हॉलमध्ये होतात. अटीतटीच्या सामन्यात लक्ष आपोआप लागतं. पण तिसऱ्या क्वार्टरला एक संघ पंचवीसने पुढे गेला, स्टँड रिकामे व्हायला लागले, की मन घरी पळतं. त्या वेळचा प्रत्येक रीबाउंड (हुकलेल्या शॉटचा पकडलेला चेंडू) मात्र कुणाच्या तरी आकडेवारीत जातो, आणि बदली म्हणून आलेल्या एखाद्या पोराला हंगामात तेवढीच सहा मिनिटं मिळालेली असतात. ती मिनिटं नीट नोंदवणं हे मला टेबलवरचं सगळ्यात मोलाचं काम वाटतं. सामन्यांच्या मध्ये जागा बदलून बसा, म्हणजे शॉट क्लॉकवरून स्कोअरला, तिथून टायमरला. डोळे ताजे राहतात. चारही खुर्च्या येत असतील तरच हे जमतं, आणि आयोजकही अशीच माणसं पुन्हा बोलावतात.

आकडेवारीच्या बाजूला एक जण पाहून सांगतो, दुसरा लॅपटॉपवर टाकतो. असिस्ट (ज्या पासवरून लगेच बास्केट होते तो) कशाला म्हणायचं यावर आधी तुमच्या जोडीदाराशी एकमत करा.

पैशांबद्दल थोडक्यात. टेबलच्या मानधनावर घर चालवायचा विचार करू नका, नोकरी किंवा शिक्षण सांभाळून हे करा. मानधन किती, कधी मिळणार, प्रवासभाडं आणि राहण्याजेवणाचं काय, हे जाण्याआधी ईमेलवर लिहून घ्या. तोंडी कबुलीवर गाडीत बसू नका. गाडीच्या बाबतीत मात्र आपण नशीबवान आहोत. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन्ही मार्ग नागपुरातून जातात, त्यामुळे कुठल्याही फेरीला आपल्याला गाडी बदलावी लागत नाही, असं बहुतेक वेळा होतं. सामन्याच्या आदल्या दिवशीच पोचा. हॉलमधला घड्याळाचा कन्सोल आधी हाताळून पाहायला मिळाला तर निम्मी धास्ती जाते, कारण बटणांच्या जागा प्रत्येक ठिकाणी वेगळ्या असतात.

आता सुरुवातीचं. फिबाचं (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेचं) नियमपुस्तक आणि टेबल ऑफिशियल्सचं मॅन्युअल त्यांच्या वेबसाइटवर फुकट मिळतं, आणि नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा ताजी प्रत घ्या. ती वाचून जिल्हा संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना भेटा, राज्याच्या परीक्षा आणि शिबिरं कधी आहेत ते विचारा. तोवर मैदानावर बसायला लागा. खासदार क्रीडा महोत्सवात, शाळांच्या स्पर्धांत, क्लबांच्या उन्हाळी शिबिरांनंतर होणाऱ्या सामन्यांत टेबलवर माणूस नेहमी कमी पडतो. मुलांच्या तेरा वर्षांखालच्या सामन्यात चेंडू सारखा बाहेर जातो, फाउल धडाधड होतात, बदल्या संपत नाहीत. शिकायला त्याहून चांगली जागा मला माहीत नाही. लीगमध्ये यापेक्षा नवीन काही घडत नाही, फक्त वेग वाढतो आणि चूक टीव्हीवर दिसते.

जाताना दोन रंगांचे पेन जोडीने न्या, एक साधं स्टॉपवॉच न्या, आणि सामन्याच्या तासभर आधी पोचून आयोजकांना सांगा की कुठलीही खुर्ची चालेल. पहिल्या दिवशी बहुतेक खेळाडूचा कितवा फाउल त्या आकड्याच्या पाट्या वर धरायचं काम मिळेल. ते घ्या.