आवडता ड्रमर न सांगता थांबला तर काय करायचं, आमच्या नाशिकच्या टोळक्याची पद्धत

कॅनडातला एक माणूस ड्रम वाजवायचा थांबला आणि नाशिकच्या पाच-सहा चाळिशी उलटलेल्या लोकांनी ते एवढं मनाला लावून घेतलं, यात हसण्यासारखं आहे हे मान्य, आमच्या घरचे पण हसतात. पण ज्यांनी शाळेत असताना कुणाच्या तरी मोठ्या भावाकडून रश या कॅनडाच्या रॉक बँडची कॅसेट मागून आणली, वॉकमनचे सेल संपत आले की दाताने चावून परत घातले, बाकावर पेन्सिली आपटून सरांचा मार खाल्ला, त्यांना पुढचं समजावून सांगायची गरज नाही. तर नील पिअर्ट, रशचा ड्रमर. आम्ही बरीच वर्षं त्याला 'पर्ट' म्हणायचो, उच्चार पिअर्ट आहे हे फार उशिरा कळलं आणि तेव्हा उगाच ओशाळल्यासारखं झालं होतं.

हे लिहायचं कारण म्हणजे असा प्रसंग प्रत्येकावर येतो. तुमचा गिटारवाला असेल, गायक असेल, एक दिवस तो थांबतो, नीट सांगत पण नाही, आणि आपण लटकून राहतो की हा थांबलाय का दमलाय. आमचं सगळं चुकलं होतं म्हणून काय करायचं ते सांगू शकतो.

सगळ्यात आधी बातमी चाळून घ्या, जशी आपण मटकी निवडतो तशी. तीन गोष्टी वेगळ्या असतात आणि हेडलाइनमध्ये तिन्हीचा काला होतो. टूर बंद करणं वेगळं, रेकॉर्डिंग बंद करणं वेगळं आणि वाद्यच खाली ठेवणं वेगळं. गायक एल्टन जॉनने जुलै २०२३ मध्ये स्टॉकहोमला शेवटची टूर संपवली आणि २०२५ मध्ये नवा अल्बम काढला, म्हणजे तो फक्त फिरायचा थांबला. जेनेसिस बँडचा ड्रमर-गायक फिल कॉलिन्सने २०११ मध्ये रामराम केला, काही वर्षांनी परत स्टेजवर आला, आणि मार्च २०२२ मध्ये लंडनला जेनेसिसचा शेवटचा शो खुर्चीत बसून केला, मागे ड्रमवर त्याचा मुलगा. मेटल गायक ऑझी ऑसबॉर्नने तर १९९२ मध्येच निरोपाची टूर काढली होती, त्यावर लोक कित्येक वर्षं जोक करायचे, आणि मग ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅममध्ये त्याच्या गावातच खरोखरचा शेवटचा शो झाला आणि १७ दिवसांनी तो गेला. म्हणजे 'हे असंच बोलतात' असं धरून चालायचं नाही आणि लगेच रडायला पण बसायचं नाही. कोण बोललं, पूर्ण काय बोललं, कधी बोललं, एवढं बघा. स्क्रीनशॉट फॉरवर्ड करू नका, मूळ मुलाखत शोधा.

आमच्या केसमध्ये काय झालं ते बघा. १ ऑगस्ट २०१५ ला लॉस एंजेलिसजवळच्या फोरम नावाच्या हॉलमध्ये रशच्या आर-४० टूरचा शेवटचा शो झाला. निवृत्ती हा शब्द कुणी उच्चारला नाही. पण त्या रात्री पिअर्ट ड्रमच्या मागून उठून स्टेजच्या पुढे आला आणि दोघा साथीदारांच्या खांद्यावर हात टाकून लोकांना वाकून नमस्कार केला. बाहेरच्याला वाटेल यात काय विशेष. अहो हा माणूस चाळीस वर्षांत शो संपला की मागच्या मागे निघून जायचा, पुढे यायचाच नाही, तो त्याचा नियम होता. व्हिडिओ बघून आमच्यातला एकजण तेव्हाच म्हणाला की हे काही बरं लक्षण नाही, आम्ही त्याला गप्प केलं. मग डिसेंबरमध्ये त्याने एका ड्रमच्या मासिकात लिहिलं की लेक शाळेतल्या मैत्रिणींना आपली ओळख रिटायर्ड ड्रमर अशी करून देते, ऐकायला गंमत वाटते पण खरंच आहे ते. बोंबाबोंब झाली. तर लगेच बँडचा गायक आणि बेसवाला गेडी ली म्हणाला लोकांनी जास्तच अर्थ काढला, तो फक्त टूर का नको ते सांगत होता. झालं, आमच्या ग्रुपचे दोन तट पडले.

आता दुसरी गोष्ट, आणि इथेच आम्ही आपटलो. आधी परत आला होता म्हणून आत्ता पण येईल असा हिशोब करू नका. १९९७ च्या ऑगस्टमध्ये त्याची थोरली मुलगी अपघातात गेली, दहा महिन्यांनी बायको कॅन्सरने गेली, तेव्हा त्याने बँडमधल्या दोघांना सांगून टाकलं होतं की मला रिटायर्ड समजा. मग मोटरसायकल काढली आणि ५५ हजार मैल फिरला, म्हणजे आपल्या हिशोबाने ८८ हजार किलोमीटर, नाशिक-मुंबई किती वेळा होईल ते तुम्हीच मोजा. आणि २००२ मध्ये परत आला की नवा अल्बम घेऊन! त्यामुळे २०१५ ला आमचं पक्कं होतं की येईल, दोन वर्षं जाऊ दे, मी तर पैज लावली होती. आम्ही काहीच केलं नाही. ना कुठे बसलो, ना काही लिहिलं, वाट बघत राहिलो. ११ जानेवारी २०२० ला शनिवारी पहाटे एकाचा मेसेज आला, तो ७ तारखेलाच गेला होता. मेंदूचा कॅन्सर, साडेतीन वर्षं होता आणि जवळच्यांनी एक शब्द बाहेर जाऊ दिला नव्हता. आम्ही 'कधी येतोय' म्हणत होतो तेव्हा तो आजारी होता. त्या दिवशी कडाक्याची थंडी होती आणि मी पैजेबद्दल विचार करत गंगापूर रोडवर चहाच्या टपरीशी तासभर नुसता उभा होतो.

म्हणून आता आमचा नियम असा की थांबल्यासारखा वाटला की तेव्हाच निरोपाची बैठक घ्यायची. परत आला तर आनंदच आहे, पुन्हा बसू, मिसळ काय परत खाता येत नाही का.

बैठक कशी घ्यायची ते नीट सांगतो. रविवार सकाळ ठरवा. रात्री घेऊ नका, आम्ही पहिली रात्री घेतली होती गच्चीवर, दहानंतर स्पीकर लावायला बंदी असते ते डोक्यातच नाही, बरोबर दहा पाचला खालचे काका वर आले आणि त्यांचं बरोबरच होतं. शिवाय रात्र म्हटली की बाटली येते, आणि बाटली आली की निरोप राहतो बाजूला आणि कोण मोठा ड्रमर यावर वाद सुरू होतो. सकाळी तसं होत नाही. माणसं आठच्या पुढे नकोत. ब्लूटूथचा छोटा डबा आणू नका प्लीज, त्यात बेस ड्रम ऐकूच येत नाही, नुसती टिकटिक येते, कुणाकडे तरी जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर असतातच, माळ्यावरून खाली काढायला लावा. स्पीकर भिंतीला चिकटवून ठेवू नका, हात-दीड हात पुढे घ्या, नाहीतर बेस घुमतो आणि सगळं पिठल्यासारखं होतं.

क्रम उलटा लावा. ही आयडिया आमची नाही, रशचीच आहे. आर-४० टूरमध्ये ते २०१२ च्या शेवटच्या अल्बमपासून सुरू करायचे आणि मागे मागे जायचे, आणि मध्ये मध्ये स्टेजवरचे लोक येऊन सामान कमी करत जायचे, शेवटी तर शाळेच्या हॉलमध्ये खुर्चीवर अ‍ॅम्प ठेवून पोरं वाजवतायत एवढंच उरायचं. आणि शेवटचं गाणं कुठलं, तर १९७४ च्या पहिल्या अल्बमचं, ज्यात पिअर्ट नव्हताच! तो जुलै १९७४ मध्ये बँडमध्ये आला, अल्बम त्याच्या आधीचा, दुसऱ्या ड्रमरचा. म्हणजे स्टेजवर शेवटचं वाजवलं ते स्वतःच्या आधीचं गाणं. उलट्या क्रमाने ऐकलं की वेगळंच होतं, म्हातारा माणूस तरुण होत जातो, आणि बैठक रडवेली होत नाही. सरळ क्रमाने आम्ही एकदा केली, शेवटी शेवटी कुणी कुणाकडे बघेना.

प्रत्येकाने एकच गाणं निवडायचं आणि ते पहिल्यांदा कुठे ऐकलं एवढंच सांगायचं, दोन मिनिटात. विकिपीडिया वाचून दाखवायचं नाही. आमच्यातल्या एकीने सांगितलं की सातपूरला कंपनीच्या बसमध्ये हेडफोन लावून ऐकायची, शेजारच्या बाईला वाटायचं ही आरती ऐकते कारण पायाने ठेका चालू असायचा. असलं काहीतरी पाहिजे. दीड तासात संपवा.

मध्ये एक हाताने करायचं काम ठेवा, नुसतं ऐकून लोक पेंगतात. आम्ही रशच्या 'वाय वाय झेड'चा ठेका घेतो. हे टोरंटोच्या विमानतळाचं कोड आहे आणि गाण्याची सुरुवात त्याच तीन अक्षरांच्या मोर्स कोडवर, म्हणजे जुन्या तारेच्या लांब-तोकड्या खुणांवर, बांधलीय. लांब टाळी दोन मात्रांची, तोकडी एका मात्रेची धरा. वाय म्हणजे लांब, तोकडी, लांब, लांब, झाल्या सात. परत वाय, परत सात. झेड म्हणजे लांब, लांब, तोकडी, तोकडी, झाल्या सहा. एकूण वीस. पहिल्यांदा मांडीवर सावकाश, मग टाळ्यांनी. आमच्यात एकजण तबला शिकलेला आहे, तो पहिल्या झटक्यात म्हणाला सात सात सहा ना, मग एवढं अवघड काय, आणि चौथ्या आवर्तनात समेवर गडबडला, फार बरं वाटलं.

कॅसेटींचं पण सांगतो कारण सगळे हेच विचारतात. बैठकीला जुनी कॅसेट आणायचा मोह होतो, पण आधी उजेडात धरून बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात टेपच्या कडेला पांढरी बुरशी धरते, तशी दिसली तर डेकमध्ये घालूच नका, ती हेडला, म्हणजे टेप जिथे घासत जाते त्या भागाला लागते आणि पुढची चांगली कॅसेट पण खराब होते. ठीक असेल तर पेन्सिलीने थोडी फिरवून ढिली करा, मग एकदा पूर्ण पुढे, पूर्ण मागे करून घ्या. हेड कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, सेंट किंवा नेलपॉलिश रिमूव्हर नको. मग प्लेअरच्या हेडफोनच्या भोकातून लॅपटॉपला वायर लावून ऑडॅसिटीमध्ये रेकॉर्ड करा, सॉफ्टवेअर फुकट आहे, आवाज कमीच ठेवा कारण फाटला की दुरुस्त होत नाही. माझ्या एका कॅसेटमध्ये मधेच आईचा आवाज आहे, दूध आणायला हाक मारतेय, चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं होतं. तो भाग मी कापला नाही.

काय करायचं नाही ते थोडक्यात. परत ये म्हणून मागे लागू नका. पिअर्टला अनोळखी लोकांनी ओळख दाखवलेली झेपायची नाही, त्याने त्यावर गाणंच लिहिलंय, मग आपण कशाला. शिव्या तर अजिबात नको, खांदे गेले होते, त्या शेवटच्या टूरमध्ये पायाला इन्फेक्शन होतं, चालताना दुखायचं आणि तो प्रत्येक शोला जवळजवळ तीन तास वाजवत होता, वय ६२. आणि उरलेले लोक पुढे काही करतात त्यावर रुसू नका. गेडी आणि गिटारवाल्या अ‍ॅलेक्सने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलं की २०२६ ला टूर करतोय, ड्रमवर आनिका निलेस नावाची जर्मन बाई. आमच्यातले दोघं अजून तोंड फुगवून आहेत. मी तिचे व्हिडिओ बघितले, हात जबरदस्त आहे बाईचा, माझं मत झालं.

एक माणूस बाहेरचा बोलवा, ज्याला बँड माहितीच नाही. मागच्या वेळी आम्ही आमच्या गल्लीतल्या काकांना बोलावलं. काकांनी कितीतरी गणपती ढोल वाजवलाय, नाशिक ढोल, कमरेला बांधून, एका हातात टिपरू आणि दुसऱ्या हाताची थाप. एका वर्षी मिरवणुकीत बघितलं तर काकांच्या हातात ध्वज. पुढच्या वर्षी पण ध्वज. कुणी विचारलं नाही आणि काकांनी सांगितलं नाही, पथकात तसंच असतं. तर त्यांना आम्ही २०१५ च्या शोचा सोलो, म्हणजे पिअर्ट एकटाच ड्रम वाजवतो तो भाग, लावून दिला. आम्हाला वाटलं म्हणतील काय धिंगाणा आहे हा. ते पुढे सरकून, चष्मा वर करून, आवाजाकडे नाही तर हाताकडे बघत बसले. मधेच म्हणाले, उजवा खांदा बघ, उचलत नाहीये, कोपरातून मारतोय. आम्ही इतक्या वेळा बघितलेला व्हिडिओ, कुणालाच दिसलं नव्हतं. मग म्हणाले परत लाव पहिल्यापासून. परत लावला. तेवढ्यात मिसळ आली, रस्सा वेगळ्या डब्यात होता म्हणून बरं, पापड मात्र सगळे मऊ पडले कारण व्हिडिओ संपेपर्यंत काकांनी कुणाला उठू दिलं नाही.