ई-रेसकारसाठी सेल मागवण्याआधीची तयारी

सेलची डेटाशीट नंतर. आधी त्या वर्षीची नियमपुस्तिका. मागच्या वर्षीच्या पीडीएफवर काम करू नये, आकडे आणि अपवाद बदलत असतात. फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांच्या रेसकार-स्पर्धेतल्या इलेक्ट्रिक गाड्यांसाठी सेलनिवडीला बांधणारे आकडे थोडेच आहेत: पॅकचे कमाल व्होल्टेज ६०० व्होल्ट डीसी, पॅकमधून बाहेर पडणारी पॉवर ८० किलोवॅटपर्यंत, प्रत्येक सेगमेंट (पॅकचा एक भाग) १२० व्होल्ट, ६ मेगाज्यूल आणि १२ किलोच्या आत, आणि सेलचे तापमान ६० अंश किंवा डेटाशीटची मर्यादा, यांत जे कमी असेल ते. हे एका कागदावर लिहून पुढची सगळी गणिते त्याच कागदावर करावीत.

पहिला घोटाळा ६ मेगाज्यूलवर होतो. ६ मेगाज्यूल म्हणजे १,६६७ वॅट-तास. ही ऊर्जा सेलच्या नॉमिनल (सरासरी) ३.६ व्होल्टने नव्हे, तर कमाल ४.२ व्होल्ट गुणिले नॉमिनल क्षमता अशी मोजतात. उदाहरणाला मोलिसेलचा पी४२ए घेऊ: २१७०० आकार, ४.२ अँपिअर-तास, कमाल ४५ अँपिअर, सुमारे ७० ग्रॅम, आतला डीसी रेझिस्टन्स (रोध) सुमारे १६ मिलीओहम. सिरीजमध्ये (एकापुढे एक) २७ आणि पॅरललमध्ये (शेजारीशेजारी) ४ असा सेगमेंट ३.६ ने मोजला तर ५.९ मेगाज्यूल भरतो आणि सगळे खूश होतात. ४.२ ने मोजला की ६.९ होतो आणि बाद. चार पॅरललला २३ सिरीजच्या वर जाता येत नाही. असे सहा सेगमेंट जोडले की १३८ सिरीज, ५८० व्होल्ट, ५५२ सेल. नुसत्या सेलचे वजन ३८.६ किलो.

आता हा पॅक ८० किलोवॅट देतो का ते पाहायचे. ८०,००० ला ५५२ आणि ३.६ ने भागले की सेलमागे ४० अँपिअर येतात, म्हणजे ४५ च्या आत. हे उत्तर चूक आहे. लोड आला की व्होल्टेज पडते, पडलेले व्होल्टेज भरून काढायला करंट वाढतो, त्याने ते आणखी पडते. १६ मिलीओहम धरून नीट सोडवले तर पूर्ण चार्ज असताना सेलमागे ४१ अँपिअर लागतात, पण ओपन-सर्किट व्होल्टेज (लोड नसतानाचे) ३.६ वर आले की ५२.५. क्षमतेपेक्षा रेझिस्टन्सचा आकडा आधी बघायचा तो यासाठी. पाच पॅरलल केले तर ६ मेगाज्यूलमुळे सेगमेंट १८ सिरीजचा होतो. सात सेगमेंट म्हणजे १२६ सिरीज, ५२९ व्होल्ट, ६३० सेल, आणि तेच गणित ४४ अँपिअरवर थांबते. वजन साडेपाच किलोने वाढते. जाता जाता एक फायदा: १८ सिरीजला १८ चॅनेलची एकच मॉनिटरिंग चिप पुरते, २३ ला दोन लागतात. तरीही चार पॅरलल सरसकट वाईट नाही. ७५ मीटरची अ‍ॅक्सिलरेशन पूर्ण चार्जवरच मारायची असते आणि एन्ड्युरन्समध्ये (लांब अंतराच्या शर्यतीत) पॉवर तशीही कमी ठेवावी लागते. फक्त चार्ज उतरेल तशी पॉवरची मर्यादा खाली आणणारे कोष्टक सेल मागवण्याआधीच कंट्रोल टीमकडून लेखी घ्यावे.

उष्णतेचे गणित २२ किलोमीटरच्या एन्ड्युरन्सवर करावे, आणि सरासरी करंटवर नव्हे, आरएमएसवर (करंटच्या वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ). सेलमागे आरएमएस १० अँपिअर आणि १६ मिलीओहम म्हणजे १.६ वॅट, २५ मिनिटांत २,४०० ज्यूल. ७० ग्रॅमच्या सेलला एक अंश तापायला अंदाजे ६५ ते ७० ज्यूल लागतात, म्हणजे कूलिंग नसेल तर ३५ अंशांची वाढ. ३० अंशांच्या हवेत सुरुवात केली की ६० ची रेघ ओलांडली. रिजनरेशनने (ब्रेक लावताना मोटरकडून पॅक परत चार्ज करण्याने) निव्वळ ऊर्जा वाचते, पण तोही करंट सेलमधूनच जातो, त्यामुळे आरएमएस वाढतो. चार्जिंग करंटची मर्यादा डिस्चार्जपेक्षा बरीच कमी असते, ती वेगळी तपासावी. आणि पूर्ण चार्ज पॅकवर पहिल्या लॅपमध्ये रिजन बंद ठेवावे, नाहीतर सेल ४.२ च्या वर जाऊन एएमएस (सेलवर लक्ष ठेवणारी यंत्रणा) गाडी बंद पाडेल.

पाउच सेल (चपटा, पिशवीसारखा) जागा वाचवतो, पण त्याला दाबून धरणारी चौकट आणि फुगण्यासाठी जागा द्यावी लागते. हे वजन तुलनेत धरायला लोक विसरतात. पहिल्यांदा पॅक बांधणाऱ्या टीमने गोल सेलच घ्यावा. त्याचा पूर्ण डबा निगेटिव्ह असतो आणि पॉझिटिव्ह टोपीपासून जेमतेम काही मिलिमीटरवर त्याची कड येते, म्हणून प्रत्येक सेलला इन्शुलेशन रिंग मोजून मागवावी. व्हेंट (आतला वायू बाहेर सोडणारी जागा) टोपीच्या बाजूला असतो. तिथे बसबार (करंट वाहणारी धातूची पट्टी) किंवा झाकण टेकवू नये.

जोडणी कशी करणार हे सेलसोबतच ठरवावे. मुख्य करंटच्या मार्गात सेलला सोल्डरिंग नियमात बसत नाही आणि उष्णतेने सील बिघडते ते वेगळेच. ०.१५ मिलिमीटरची निकेल पट्टी वेल्डला सोपी असली तरी निकेलचा रोध तांब्याच्या सुमारे चौपट, त्यामुळे ४० अँपिअरला ती एकटी पुरत नाही. करंट तांब्याच्या बसबारवर न्यावा आणि निकेल फक्त सेलपर्यंतच्या आखूड टप्प्यात ठेवावे. निकेलच्या नावाने मुलामा दिलेले पोलादही येते. पट्टीवर ओरखडा काढून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवावी, गंज धरला तर परत पाठवावी. पॅरललमधल्या प्रत्येक सेलला स्वतंत्र फ्यूज-दुवा हवा, कारण एक सेल आतून शॉर्ट झाला तर त्या गटातले बाकीचे त्याच्यात रिकामे होतात.

ऑर्डर अधिकृत वितरकाकडेच द्यावी, एकाच बॅचची, ५ ते १० टक्के जास्तीची, यूएन ३८.३ च्या (लिथियम सेलच्या सुरक्षित वाहतुकीच्या) चाचणी अहवालासह. हवाई मार्गे सेल ३० टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज नसलेलेच पाठवता येतात आणि कागदपत्रांना वेळ जातो, तो वेळापत्रकात धरावा. पूर्ण ऑर्डरआधी दहाएक नमुने मागवून त्यांतल्या काहींवर लॅप सिम्युलेशनचा करंट जसाच्या तसा चालवावा, थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) डब्याला चिकटवून. मोठा माल आला की प्रत्येक सेलचे वजन, ओपन-सर्किट व्होल्टेज आणि चार तारांच्या मीटरने १ किलोहर्ट्झचा रेझिस्टन्स नोंदवावा. हा आकडा डीसी रेझिस्टन्सपेक्षा कमी येतो, दोघांची गल्लत करू नये. दोन आठवडे तसेच ठेवून व्होल्टेज पुन्हा मोजावे. इतरांपेक्षा जास्त उतरलेला सेल बाकी आकड्यांत कितीही चांगला दिसला तरी पॅकमध्ये घालू नये. उरलेल्यांतून प्रत्येक पॅरलल गटाची एकूण क्षमता सारखी येईल असे सेल वाटावेत, कारण सिरीजमधला सर्वांत दुबळा गट संपला की एएमएससाठी पूर्ण पॅक संपलेला असतो.