बॅकअप रोज होतो, पण काम कधी सुरू होणार?

बिझनेस कंटिन्युइटीच्या, म्हणजे संकटातही व्यवसाय सुरू ठेवण्याची योजना आखण्याच्या कामात नव्याने येणाऱ्यांचा सर्वांत पक्का गैरसमज म्हणजे, बॅकअप रोज होतो, मग आपली तयारी झाली. बॅकअपमुळे डेटा वाचतो. बंद पडलेले काम केव्हा सुरू होईल, हा प्रश्न तसाच राहतो.

त्यासाठी दोन आकडे लागतात. आरटीओ म्हणजे काम किती वेळात पुन्हा सुरू व्हायला हवे, आणि आरपीओ म्हणजे किती वेळाचा डेटा गमावलेला चालेल. बॅकअप रात्री एकदाच होत असेल, तर संध्याकाळी सर्व्हर बसल्यावर दिवसभराच्या नोंदी गेल्या. योजनेत आरपीओ 1 तास लिहिला असला तरी. आरटीओचाही हिशेब कागदावर मांडा. 4 टीबी डेटा 1 जीबीपीएसच्या (सेकंदाला 1 गिगाबिट) लाइनवरून आणायचा तर ती पूर्ण वेगाने चालूनही सुमारे 9 तास जातात. डेटाबेस उभारणे, तपासणी, लॉगिन देणे हे सगळे त्यानंतर. मग 4 तासांचा आरटीओ कशाच्या जोरावर लिहिला?

हे आकडे आयटीने परस्पर ठरवू नयेत. इम्पॅक्ट अनालिसिस, म्हणजे काम बंद पडल्याच्या परिणामांचा अंदाज, करताना विभागप्रमुखांना ‘तुमचे काम महत्त्वाचे आहे का?’ विचारलेत तर सगळेच हो म्हणतील. ‘4 तास, 1 दिवस, 1 आठवडा बंद राहिले तर नेमके काय अडेल?’ असे विचारा. पगाराचे काम महिन्याच्या 10 तारखेला थांबले तर निभावते, 30 तारखेला नाही, हे तेव्हाच कळते.

बॅकअप रिस्टोअर करून, म्हणजे त्यातून डेटा परत आणून, पाहिलाच नसेल, तर त्याच्यावर भिस्त ठेवू नका. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर कोड साठवणाऱ्या सेवेचा मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला. नेहमीचा बॅकअप पाहिला तर जागा रिकामी! डेटाबेस 9.6 आवृत्तीचा, बॅकअपचे साधन 9.2 चे, त्यामुळे तो होतच नव्हता. अपयशाचे ईमेलही वाटेत नाकारले जात होते. सुमारे 6 तास आधी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटने (त्या क्षणाच्या डेटाची प्रत) निभावले.

आयएसओ 22301 या बिझनेस कंटिन्युइटीच्या आंतरराष्ट्रीय मानकाचे प्रमाणपत्र मिळाले, म्हणजे सराव संपला असेही नाही. टेबलटॉप सराव, म्हणजे टेबलाभोवती बसून काल्पनिक संकटावर केलेली चर्चा, दोन तासांत होतो. त्यात मुख्य माणूस रजेवर आहे असे धरून चाला आणि पासवर्ड आणखी कोणाकडे आहे ते पाहा. योजनेची एकमेव प्रत बंद पडलेल्या सर्व्हरवरच असल्याचेही बहुधा तिथेच उघड होते. फोन नंबरांची यादी छापून घरीही ठेवा, आणि दर तीन महिन्यांनी प्रत्येक नंबर लावून पाहा.