पाऊस उघडला, आता झटका मशीनचं अर्थिंग तपासा

पाऊस उघडला की दरवर्षी तेच. कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारं मशीन टिकटिक करतंय, दिवा लागतोय, तार ताणलेली आहे आणि सकाळी रानडुकरांनी मका आडवा केलेला. विक्रेता म्हणतो, मोठं मशीन घ्या. घेऊ नका. बहुतेक ठिकाणी मशीन ठीक असतं, अर्थिंग निकामी झालेलं असतं.

वीज मशीनमधून तारेत, तारेतून जनावरात, त्याच्या पायांतून मातीत आणि अर्थिंगच्या गजातून परत मशीनमध्ये गेली तरच झटका बसतो. ओल्या मातीतून ती सहज जाते, वाळलेल्या मातीतून फारच कमी. म्हणून पावसात एका गजावर भागलं तरी कणसं भरताना भागत नाही.

याच आठवड्यात 2 मीटरचे किमान 3 जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) गज 3-3 मीटर अंतरावर, ओल टिकते तिथे ठोका. पंपाच्या आणि घराच्या अर्थिंगपासून 10 मीटर तरी लांब. जोडायला जीआय तारच वापरा, तांब्याची नको. सांधा गंजतो आणि गंज वीज अडवतो.

मग परीक्षा. मशीन बंद करून, 100 मीटरवर दोन-तीन सळ्या जमिनीत रोवून तारेला टेकवा. मशीन चालू केल्यावर तारेवर 2000 व्होल्टच्या खाली आलं पाहिजे. नसेल तर मशीन बंद करून सळ्या वाढवा. आता शेवटच्या गजावर फेन्स टेस्टरने (कुंपणाचे व्होल्ट मोजायचं यंत्र) मोजा, साध्या मल्टिमीटरने नाही. 300 च्या वर दिसलं तर आणखी एक गज ठोका.

जमीन फारच कोरडी असेल तर एक तार मशीनला, पुढची अर्थिंगला, अशा आलटूनपालटून जोडा. दोन्हींना अंग लागलं की फेरा मातीविना पुरा होतो.

सायकलच्या ट्यूबचे तुकडे इन्सुलेटर म्हणून बांधू नका. काळ्या रबरात कार्बन असतो, एवढ्या व्होल्टला त्यातून वीज गळते. माझा अंदाज असा की रात्री दव पडल्यावर खांबापाशी चटचट ऐकू आली तर गळती तिथेच आहे.

बाकी नेहमीचं, मशीन बंद करून:
- तारेखालचं गवत काढणे
- तुटके इन्सुलेटर बदलणे
- गंजलेले सांधे घासणे

आणि लाइनची वीज थेट कुंपणाला कधीच जोडू नका. मशीनचा ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही छोटा असतो आणि मध्ये जवळपास सेकंदभर खंड असतो, त्यात जनावर मागे फिरतं. लाइनचा प्रवाह थांबत नाही. स्नायू आखडतात, हात सुटत नाही, माणूस जागीच जातो.