पहिला पॉलिशर घेताना पैसे कुठे घालायचे

सोसायटीत गाड्या पुसणारा माणूस एका बादलीत दहा गाड्या उरकतो. आधी झटकणी, मग सगळ्या गाड्यांना तेच ओलं फडकं. धूळ फडक्याखाली घासली जाते आणि वर्षभरात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे उमटतात. पांढऱ्या गाडीवर ते लपतात, काळ्या गाडीवर उन्हात अंगावर येतात. पॉलिशर, म्हणजे रंग घासून चकचकीत करणारं मशीन, घ्यायचं डोक्यात येतं ते बहुधा अशा उन्हात.

पॉलिशने चरा भरत नाही. चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, घासून खाली आणला की चरा दिसेनासा होतो. पत्र्यावरचा रंगाचा सगळा थर साधारण १०० ते १५० मायक्रॉन, त्यात क्लिअर कोट जेमतेम ३५ ते ५०. एकदा कडक कंपाउंड (रंग घासणारी पेस्ट) मारलं तर त्यातले दोन-चार मायक्रॉन सहज जातात आणि ते परत येत नाहीत. म्हणून आडवं नख फिरवून बघा. नख अडकलं तर तो चरा मशीनने काढायचा नाही. मॅट रंगाला तर पॅड लावायचंच नाही, तो चमकून डागाळतो.

आता मशीन. घरातल्या चार इंची ग्राइंडरला फोमचं पॅड लावून काम भागवायचा मोह होतो. तो मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो, पॉलिशिंगला ६०० ते ३,००० पुरतात. कडेवर टेकला तर डोळ्याचं पातं लवेपर्यंत खालचा प्रायमर दिसतो. डेंटिंग-पेंटिंगवाल्यांकडे दिसतो तो रोटरी. तो एकाच आसाभोवती फिरतो आणि झपाझप कापतो, पण कोन जरा चुकला की रंगावर होलोग्राम नावाचे लाटांसारखे पट्टे सोडतो. शिकाऊ हाताला ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे डीए बरा. त्यातलं पॅड फिरता फिरता डोलतं, त्यामुळे उष्णता एका जागी साठत नाही.

डीएमध्ये पाहायचा आकडा वॅटचा नाही, थ्रोचा, म्हणजे पॅड किती मिमीच्या घेऱ्यात डोलतं त्याचा. ८, १५ आणि २१ मिमी हे नेहमीचे थ्रो. सपाट, मोठ्या बॉनेटवर २१ भराभर काम उरकतो, पण आपल्याकडच्या हॅचबॅकच्या वळणांवर आणि अरुंद बंपरवर त्याचं पॅड फिरायचं थांबतं. १५ मिमी थ्रो आणि पाच इंची बॅकिंग प्लेट (पॅड चिकटवायची चकती) ही पहिल्या मशीनसाठी ठरलेली जोडी धरा. दुकानात मशीन पाच मिनिटं हातात धरून उभं राहा, कारण एका गाडीला सहा-आठ तास लागतात. मोटरमधले झिजणारे कार्बन ब्रश आणि बॅकिंग प्लेट सुटी मिळते का, तेही विचारा. प्लेटच्या आट्यांत फसगत होते: रोटरीला सहसा एम१४ लागते, डीएला एम८ किंवा ५/१६ इंच. शेवटच्या दोन इतक्या जवळच्या मापाच्या आहेत की चुकीची प्लेटही दोन-तीन फेरे आत जाते आणि मग आटे खाते.

मशीनवर बजेटच्या निम्म्याहून जास्त खर्च करू नका. नवखे चुकतात ते इथेच: महागडं मशीन आणि दोन पॅड. एका पॅडवर अख्खी गाडी ओढली तर ते कंपाउंड आणि घासलेल्या रंगाने गच्च होतं, तापतं, वेल्क्रो सुटतो. छोट्या गाडीलाही दोन मायक्रोफायबर कटिंग, चार पॉलिशिंग फोम आणि दोन मऊ फिनिशिंग पॅड हवीत. पॅडच्या रंगावर जाऊ नका. एका कंपनीचं नारिंगी दुसरीच्या नारिंगीइतकं कडक असेलच असं नाही. द्रवांत एक मध्यम कंपाउंड आणि एक फिनिशिंग पॉलिश पुरे. फडकी मात्र डझनभर, ३५० जीएसएमच्या आसपासची, कडेला शिलाई नसलेली. ती फॅब्रिक कंडिशनरमध्ये धुवायची नाहीत, त्याने तंतूंवर थर बसतो आणि फडकं पाणीच टिपत नाही.

पॉलिशआधीची धुलाई दोन बादल्यांत: एकीत शाम्पू, दुसरीत हातमोजा खळबळायचं साधं पाणी. मग आयर्न रिमूव्हर. तो जांभळा ओघळला की लोखंडाचे कण सुटताहेत असं समजा. त्यानंतर भरपूर ल्युब्रिकंट लावून क्ले बार, म्हणजे रंगात रुतलेली घाण ओढून काढणारा मातीसारखा मऊ गोळा. क्ले जमिनीवर पडला तर सरळ टाकून द्या. बोअरच्या पाण्याने धुतलेली गाडी उन्हात वाळू दिली तर क्षारांचे नवे डाग पडतात, म्हणून सगळं सावलीत आणि गार पत्र्यावर. काळ्या प्लास्टिकवर आणि पॅनेलच्या कडांवर मास्किंग टेप लावा. कडेला रंग सर्वांत पातळ असतो.

सुरुवात दोन बाय दोन फुटांच्या एका तुकड्यावर, सर्वांत मऊ पॅड आणि सर्वांत सौम्य पॉलिशने. वाटाण्याएवढे चार थेंब, मशीनच्या १ नंबरच्या वेगावर पसरवा, मग ४ किंवा ५ वर आडवे-उभे मिळून चार ते सहा हात. मशीन सेकंदाला एखादा इंच सरकावं. बहुतेक जण याच्या तिप्पट वेगाने पळवतात आणि मग कंपाउंड कडक नाही म्हणून कुरकुरतात. बॅकिंग प्लेटवर मार्करने एक रेघ ओढून ठेवा. रेघ फिरताना दिसत नसेल तर पॅड नुसतं थरथरतंय: दाब कमी करा किंवा मशीन सपाट धरा. प्रत्येक तुकड्यानंतर पॅड ब्रशने झाडा. पांढरी धूळ उडायला लागली तर द्रव सुकलाय किंवा पॅड भरलंय. चरे गेले पण धुरकट छटा उरली, तर ती कटिंग पॅडची. फिनिशिंग पॅडने जाते.

निकाल लगेच खरा मानू नका. बऱ्याच पॉलिशमधलं तेल चऱ्यांत बसतं आणि दोन धुलाईंत चरे परत दिसतात. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल १०० मिली आणि डिस्टिल्ड पाणी ९०० मिली, या मिश्रणाने पुसून टॉर्च तिरका मारा. दिसतंय ते मान्य असेल तरच पुढचा तुकडा घ्या.

जुन्या गाडीचं एखादं पॅनेल पुन्हा रंगवलेलं असतं आणि ते बाकीच्यांपेक्षा मऊ निघू शकतं, तिथे चाचणीचा तुकडा (टेस्ट स्पॉट) वेगळा घ्या. पॅडवर गाडीचाच रंग उतरला तर तिथे क्लिअर कोट नाही किंवा संपलाय, लगेच थांबा. धंदा म्हणून यात उतरायचं असेल तर रंगाची जाडी मोजणारं पेंट थिकनेस गेज घ्याच, मात्र साधं गेज प्लास्टिकच्या बंपरवर चालत नाही. आणि भंगारातून एक जुनं बॉनेट आणा. त्याच्या एका कडेचा रंग मशीनने घासून मुद्दाम जाळा, किती सेकंदांत जळतो ते मोजा, मगच लोकांच्या गाडीला हात लावा.