स्वीडिश मीटबॉल्स घरी करताय? मग या चुका टाळा

स्वीडिश मीटबॉल्स म्हणजे काय तर खिम्याचे कोफ्तेच, फक्त पांढऱ्या ग्रेव्हीतले, असं धरून आपले लोक कामाला लागतात आणि अर्धी गडबड तिथेच होऊन बसते. आलं-लसूण पेस्ट पडते, गरम मसाला पडतो, कुणीतरी हिरवी मिरची पण टाकतं, मग वरून क्रीम ओतलं की चव ना धड इकडची ना धड तिकडची. वर कोणीतरी सांगणार की अहो २०१८ मध्ये स्वीडनच्याच अधिकृत ट्विटर अकाउंटने म्हटलं होतं, ही रेसिपी स्वीडनच्या बाराव्या चार्ल्स राजाने तुर्कस्तानातून आणली, मग मसाला चालायलाच पाहिजे! राजा १७०९ साली रशियाविरुद्धची पोल्टाव्याची लढाई हरून काही वर्षं तुर्कांच्या आश्रयाला होता हे खरंय, पण आज स्वीडिश घरात जे बनतं त्यात मीठ, पांढरी मिरी आणि चिमूटभर ऑलस्पाईस एवढंच असतं. आणि ऑलस्पाईस म्हणजे सगळ्या मसाल्यांचं मिश्रण नाही हो, ते कॅरिबियनकडच्या एका झाडाचं वाळवलेलं फळ आहे. नसेल मिळत तर एखादी लवंग आणि जरासं जायफळ कुटून घाला, गरम मसाला नको. या पदार्थाची चव मसाल्यात नाहीच मुळी, ती बटरमध्ये आणि पॅनच्या बुडाला जे खरपूस लागतं त्यात आहे, हे एकदा पटलं की पुढचं सोपंय.

गोळे कडक का होतात

सगळ्यात जास्त तक्रार हीच. कारण बहुतेक वेळा एकच असतं, ब्रेडक्रम्स कोरडेच खिम्यात टाकलेले असतात. कोरडे क्रम्स मांसातलं पाणी ओढून घेतात आणि गोळा दगड होतो. आधी ते दूध-क्रीममध्ये भिजवायचे, दहा मिनिटं तरी, फुगून लापशीसारखे झाले पाहिजेत, मगच खिमा. अर्धा किलो खिम्याला चार-पाच मोठे चमचे क्रम्स, सव्वाशे मिली दूध (त्यात थोडं क्रीम असेल तर उत्तम), एक अंडं, एक कांदा, साधारण एक छोटा चमचा मीठ. दूध जास्त वाटतं पहिल्यांदा, घाबरून कमी करू नका, मऊपणा तिथूनच येतो. कांदा मात्र कच्चा जाडजाड चिरून घालू नका, त्याने गोळे फुटतात, एकदम बारीक चिरून बटरवर गुलाबी परता आणि गार करून घाला, गरम कांद्याने खिम्यातली चरबी वितळायला लागते.

दुसरं म्हणजे खिमा कुठला. स्वीडनमध्ये दुकानात बीफ आणि पोर्क मिसळलेला खिमा तयार पाकिटात मिळतो, पोर्कच्या चरबीने गोळा मऊ राहतो. नुसतं बीफ घेतलं, तेही कमी चरबीचं, तर काहीही करा जरा कोरडाच लागणार. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंशाचं मांस बंद आहे, म्हशीचं मिळतं, त्यात पोर्क मिसळून छान होतं. दोन्ही खात नसाल तर चिकन घ्या, आयकिया या स्वीडिश फर्निचर दुकानाच्या भारतातल्या शाखांत पण चिकनचे आणि व्हेजच असतात, पण ब्रेस्टचा खिमा नको, मांडीचा घ्या आणि एक चमचा मऊ बटर आत मिसळा.

मग मळणं. मीठ आधी खिम्यात घालून हाताने कालवा, खिमा चिकट व्हायला लागला की बाकीचं घाला, एकजीव झालं की थांबा. कणकेसारखं मळत बसलात तर रबर होईल. नंतर अर्धा तास फ्रीजमध्ये. हात ओले करून वळा, साधारण तीन सेंटीमीटरचे, सगळे एका मापाचे, नाहीतर छोटे जळतात आणि मोठे आत कच्चे. कच्चं मिश्रण चाटून मीठ बघू नका, एक गोळा आधी तळून खा आणि मग काय कमी-जास्त करायचं ते करा. हे कंटाळवाणं वाटतं म्हणून लोक टाळतात आणि मग चाळीस अळणी गोळे घेऊन बसतात.

करडे, पाणचट गोळे

पॅनमध्ये गर्दी केली की हे होणारच. सगळे एकदम टाकले की पाणी सुटतं, गोळे त्या पाण्यात शिजतात, रंगच येत नाही. मधे मधे जागा ठेवा, दोन-तीन घाण्यांत करा. कढईत तेलात बुडवून तळू नका, एक तर ते भजी होतात आणि मुख्य म्हणजे ग्रेव्हीसाठी बुडाला काही उरतच नाही. बटर आधी फेसाळतं आणि तडतडतं, ते शांत होईपर्यंत थांबायचं, त्यातलं पाणी उडालं की मग गोळे सोडायचे. आच मध्यम, आणि उलथन्याने टोचत बसण्यापेक्षा पॅन हलवून गोळे घरंगळू द्या, गोल राहतात. थर्मामीटर असेल तर आत ७० अंश, चिकनला ७४. ओव्हनमध्ये पण होतात, आयकियाने २०२० च्या लॉकडाऊनमध्ये जी रेसिपी दिली त्यात आधी पॅनमध्ये रंग आणून मग ओव्हनच होता, पण थोड्या गोळ्यांसाठी पॅनच बरा.

ग्रेव्ही

इथे सगळ्यात मोठी चूक म्हणजे गोळे काढून पॅन सिंकमध्ये टाकणे. अहो ग्रेव्ही तिथेच आहे! फक्त बुडाचं काळं जळलेलं नाही ना ते बघा, जळलं असेल तर मात्र पुसून टाका, कडू होईल. तपकिरी असेल तर त्यातच दोन चमचे बटर, दोन चमचे मैदा, मिनिटभर परता, कच्चा वास गेला पाहिजे. मग स्टॉक (मांस किंवा भाज्या उकळून काढलेलं पाणी, क्यूब विरघळवून केला तरी चालतो) थोडा थोडा घालत व्हिस्कने हलवत रहा, साधारण ३०० मिली, बुड खरवडून घ्या. एकदम ओतलात की गुठळ्या. झाल्याच तर गाळून घ्या, त्यात लाज कसली.

क्रीम शेवटी, २०० मिली. स्वीडनमध्ये फेटायचं क्रीम ४० टक्क्यांच्या आसपास फॅटचं असतं, ते उकळलं तरी फाटत नाही, आपल्या टेट्रापॅकमधलं २५ टक्क्यांचं असतं, ते रटरटा उकळलं तर फाटू शकतं, म्हणून आच बारीक. दही तर नकोच. रंग फिका वाटतो म्हणून हळद घालणारे पण बघितलेत, नका हो, छोटा चमचा डार्क सोयासॉस घाला, स्वीडिश लोकही तेच करतात. सोयासॉस आणि स्टॉक क्यूब दोन्ही खारट, त्यामुळे मीठ एकदम शेवटी चाखून. चव सपाट वाटली तर चमचाभर फळाची आंबटगोड जेली, जॅमसारखी असते ती. घट्ट झाली तर स्टॉक घाला, क्रीम नको. आणि गोळे त्यात तासभर शिजवू नका, गरम होण्यापुरते दोन-तीन मिनिटं पुरे.

सोबत उकडलेला किंवा कुस्करलेला बटाटा. पोळीबरोबर खाल्लं तर कोण अडवणार आहे, पण आंबटगोड काहीतरी ताटात हवंच, त्याशिवाय चार घासांत बटर-क्रीम जड होतं. तिकडे लिंगनबेरी, म्हणजे छोटं लाल आंबट फळ, असते, आपल्याकडे करवंदाचा जॅम मस्त चालतो, फार गोड नसलेला.

सोबत खायला काकडीचं लोणचं करणार असाल तर एक मोठी गफलत होते. स्वीडिश प्रमाण असतं एक भाग व्हिनेगर, दोन भाग साखर, तीन भाग पाणी, पण ते १२ टक्क्यांच्या व्हिनेगरचं आहे. आपल्या दुकानातलं चार-पाच टक्क्यांचं, त्याने तसंच केलंत तर नुसतं साखरपाणी होतं. तीन भाग व्हिनेगर, एक भाग पाणी, साखर तीच दोन भाग. आणि स्वीडनमध्ये राहत असाल तर बाटलीवरचा आकडा वाचा, तिथे २४ टक्क्यांचं पण मिळतं, त्याला १२ वाल्याच्या निम्मंच घ्यायचं आणि तेवढंच पाणी वाढवायचं.